प्रश्न कुमारांचे, उत्तरदायित्व कोणाचे?



१९३४ साली मुंबईत एक खटला चालला. आरोपी होते प्राध्यापक रघुनाथ धोंडो कर्वे आणि त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. गुन्हा कोणता? चोरी नव्हे, लबाडी नव्हे, राजद्रोहही नव्हे. कर्वे 'समाजस्वास्थ्य' नावाचे एक लहानसे मासिक काढीत असत आणि वाचकांनी आपल्या शरीराविषयी व कामजीवनाविषयी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्यांनी त्या मासिकात छापली होती. ही उत्तरे अश्लील आहेत, असा आरोप होता. लोक प्रश्न विचारीत असतील तर त्यांना उत्तर का मिळू नये, आणि अज्ञानातून उपजलेली विकृती ज्ञानावाचून जाणार तरी कशी, असा बाबासाहेबांच्या युक्तिवादाचा रोख होता. न्यायालयाला तो पटला नाही. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र बंद पडले नाही.

नव्वद वर्षांमागची ही हकीकत मी आज कशासाठी सांगतो आहे, असे आपल्याला वाटेल. आजचा विषय आहे आपल्या घरातल्या तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींचा. ही मुले आपल्या प्रकृतीविषयीची शंका आईला विचारीत नाहीत, मास्तरांना विचारीत नाहीत. ती मोबाइलला विचारतात आणि मोबाइलने जे सांगितले त्यावरून काय खावे, काय सोडावे, औषध घ्यावे की न घ्यावे, डॉक्टरांकडे जावे की गप्प बसावे, हे ठरवितात. ह्याविषयी बोलू लागले की बहुतेकांच्या तोंडी एकच वाक्य येते : "आमच्या वेळी असे नव्हते." इतिहासाच्या अभ्यासकाने अशा वाक्याशी थोडे थांबावे. आपल्या वेळी खरोखर काय होते? प्रश्न नव्हते, की प्रश्न विचारावयास जागा नव्हती? आणि जे प्रश्न तेव्हा घरात विचारले गेले नाहीत, ते गेले कोठे?

प्रथम एक शब्दाचा उलगडा करू. 'कुमारवय' किंवा 'पौगंडावस्था' ही आयुष्याची एक स्वतंत्र पायरी आहे, ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉल ह्यांचा ह्या विषयावरचा मोठा ग्रंथ १९०४ साली निघाला. आज जागतिक आरोग्य संघटना दहा ते एकोणीस ह्या वयाला कुमारवय म्हणते. आपल्याकडे मात्र बालपण आणि संसार ह्यांच्यामध्ये फारशी मोकळी जागाच नव्हती. ज्याला आपण शारदा कायदा म्हणतो, तो हरविलास सारडा ह्यांच्या प्रयत्नाने १९२९ साली झाला, आणि त्या सुधारक कायद्यानेदेखील मुलीच्या लग्नाचे किमान वय ठरविले ते चौदा, मुलाचे अठरा. म्हणजे आज जी मुलगी नववीच्या वर्गात बसते, त्या वयाची मुलगी तेव्हा कायद्यानेही लग्नाला योग्य ठरत होती. तिला पाळी येत होती, मूल होत होते, बाळंतपणात ती मरतही होती. आपल्या शरीरात काय घडते आहे हे जाणून घेण्याची गरज तिला आजच्या मुलीपेक्षा कमी नव्हती. किंबहुना अधिक होती. तिला उत्तर कोण देत होते? सासर देत नव्हते, कारण तेथे प्रश्न विचारणे हाच अपराध. माहेरी आई काही सांगे, पण ते 'शिवू नकोस' आणि 'बोलू नकोस' ह्या दोन शब्दांत संपे.

मुलग्यांची अवस्था निराळी, पण बरी नव्हे. त्यांच्या प्रश्नांना उत्तर देणारे एक खाते मात्र जोरात चालत होते. ते म्हणजे जाहिरातींचे. वर्तमानपत्रांच्या पानांत आणि भिंतींवर 'गेलेली शक्ती परत मिळवून देणारे' वैद्य आणि हकीम आपले पत्ते देत असत. धातू जाते, म्हणजे जीवनशक्तीच जाते, ही समजूत समाजात खोल रुजलेली. ह्या वयात जे नैसर्गिक आहे त्याला रोग म्हणावयाचे आणि त्या रोगावर गोळ्या विकावयाच्या, असा हा धंदा. ह्यातील हुशारी ध्यानात घ्या. जाहिरातदाराने अज्ञान निर्माण केले नव्हते, ते आपण निर्माण केले होते. त्याने फक्त आपण बंद केलेल्या दारासमोर दुकान थाटले.

अशा काळात कर्व्यांनी जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केले. महर्षी कर्व्यांचे हे थोरले चिरंजीव. पेशाने गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले. लंडनमध्ये मेरी स्टोप्सबाईंचे केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. ह्या कार्यापायी १९२५ साली त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. मासिक त्यांनी मरेपर्यंत चालविले. १९५३ च्या ऑक्टोबरात ते गेले आणि त्यांच्यामागून मासिकही गेले. सुमारे सव्वीस वर्षे, पदराला खार लावून, एका माणसाने हे काम केले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ह्या मासिकातील प्रश्नोत्तरांची घडण पाहण्यासारखी आहे. प्रश्न विचारणाऱ्याला आपले नाव छापून येईल ही भीती नव्हती. ज्या गोष्टी तो मित्रालाही सांगू शकत नव्हता, त्या तो पोस्टाच्या पेटीत टाकू शकत होता. उत्तर देणाऱ्याचे नाव मात्र मुखपृष्ठावर छापलेले होते. तो कोण, कोठे राहतो, त्याचे मत काय, हे सर्वांना ठाऊक होते. उत्तर चुकले तर त्याला जाब विचारता येत होता, आणि उत्तर बरोबर असूनही समाजाला रुचले नाही तर त्याला न्यायालयात उभे करता येत होते. तसे त्याला उभे केलेही. विचारणाऱ्याला आडोसा आणि सांगणाऱ्याला जबाबदारी, अशी ही रचना होती. 'उत्तरदायित्व' हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याच्या पोटात 'उत्तर' आहे हे विसरतो. जो उत्तर देतो त्याच्यावर दायित्व येते. कर्व्यांनी ते दायित्व शब्दशः पत्करले आणि दंड भरून चुकते केले.

दैवाची गंमत पाहा. खरे उत्तर देणाऱ्याला १९३४ साली दंड झाला. खोटी आशा विकणाऱ्या जाहिरातदारांना आवर घालणारा कायदा व्हावयास १९५४ साल उजाडले. चमत्कारी औषधांच्या आक्षेपार्ह जाहिरातींना बंदी करणारा तो कायदा आजही पुस्तकात आहे. भिंतीवरच्या जाहिराती मात्र त्याने पुसल्या गेल्या नाहीत, हे कोणत्याही रेल्वे प्रवाशाला ठाऊक आहे.

आता आपण थोडा समुद्रप्रवास करू, कारण ही प्रश्नोत्तरांची पेटी कागदावरून तारेवर गेली ती अमेरिकेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, म्हणजे ज्या विद्यापीठात १९१३ ते १९१६ ह्या काळात बाबासाहेब शिकले त्याच विद्यापीठात, आरोग्य विभागाने १९९३ साली संगणकाच्या जाळ्यावर एक प्रश्नपेटी उघडली. तिचे नाव 'गो आस्क अ‍ॅलिस'. विद्यार्थ्याने नाव न सांगता प्रश्न टाकावा आणि आरोग्य विभागातील जाणत्यांनी 'अ‍ॅलिस' ह्या नावाने उत्तर द्यावे. योगायोगच म्हणावयाचा, पण बाबासाहेबांनी मुंबईत ज्या गोष्टीचा कैवार घेतला, तीच गोष्ट साठ वर्षांनी त्यांच्या विद्यापीठाने आपले कर्तव्य म्हणून पत्करली. घडण तीच : विचारणारा आडोशाला, सांगणाऱ्याच्या मागे एक संस्था उभी.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. पहिली काही वर्षे ते मोठ्या शहरांत, थोड्या घरांत आणि तासावर पैसे मोजून बसावयाच्या सायबर कॅफेत राहिले. लाकडी फळ्यांनी केलेल्या त्या लहान खणात बसून एखाद्या मुलाने काय विचारले असेल, ह्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. २०१६ नंतर इंटरनेट एकाएकी स्वस्त झाले आणि तो खण प्रत्येकाच्या खिशात आला. पण कोलंबियाची पेटी आणि हा खिशातला खण ह्यांत एक मोठा फरक आहे. येथे उत्तर देणारा एक नाही, लाखो आहेत. त्यांत डॉक्टर आहेत, जाहिरातदार आहेत, हौशी आहेत, चांगल्या मनाचे अडाणी आहेत. आणि कोणाचे उत्तर पहिले दिसावे हे कोणी जाणता मनुष्य ठरवीत नाही, यंत्र ठरविते.

मग अशा बाजारात मुले प्रत्यक्षात वागतात कशी? येथे अंदाजापेक्षा पाहणी बरी. सर्वांत बारकाईच्या पाहण्या अमेरिकेत झाल्या आहेत, म्हणून त्यांचाच आधार घेतो. तेथील समाज आपला नव्हे, हे ध्यानात ठेवून. २००१ साली कैसर फॅमिली फाउंडेशनने पंधरा ते चोवीस वर्षे वयाच्या तरुणांची पाहणी केली. इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी शेकडा ७५ जणांनी त्यावर कधी ना कधी आरोग्याची माहिती शोधली होती. माहिती शोधणाऱ्यांपैकी शेकडा ३९ जणांनी तीवरून आपल्या वागण्यात काही बदल केला होता. डॉक्टरकडे किंवा दवाखान्यात गेलेले मात्र शेकडा १४ होते. ह्या दोन आकड्यांमधील अंतर लक्षात ठेवण्यासारखे आहे. माहिती वाचून स्वतःपुरता निर्णय घेणारे पुष्कळ, ती माहिती जाणत्याकडून ताडून पाहणारे थोडे.

पुढे २०१५ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने तेरा ते अठरा वर्षांच्या अकराशेंहून अधिक मुलांना विचारले. शेकडा ८४ मुलांनी इंटरनेटवरून आरोग्याची माहिती मिळविली होती. व्यायाम आणि आहार हे त्यांचे आवडते विषय. ताण, चिंता, झोप हेही होते. शोधणाऱ्यांपैकी निम्मी मुले पहिले जे पान समोर येईल त्यावर बोट ठेवून थांबत होती. इथपर्यंतचे ऐकून आपण म्हणाल, आमची भीती खरीच ठरली. पण त्याच पाहणीत आणखी एक प्रश्न होता. आरोग्याविषयी पुष्कळशी माहिती तुम्हांला कोणाकडून मिळते? शेकडा ५५ मुलांनी सांगितले, आईवडिलांकडून. शाळेतील आरोग्याच्या तासाला ३२, डॉक्टर आणि परिचारिकांना २९, आणि इंटरनेटचा क्रमांक चौथा, शेकडा २५.

मला ह्या आकड्याने विचारात पाडले. हाताशी सारे जग असतानाही मुले पहिल्यांदा घराकडेच पाहतात. मोबाइलने आईबापांची जागा घेतलेली नाही. जेथे आईबापांनी जागा सोडली तेथे तो जाऊन बसला आहे. मग प्रश्न उरतो तो असा, की जेथे अमेरिकन घर बोलते तेथे आपले घर बोलते का? आणि बोलले तरी बरोबर बोलते का?

कारण घर बोलले म्हणजे सारे आटोपले, असेही नाही. ओहायओ राज्यातील ईथन लिंडेनबर्गर ह्या विद्यार्थ्याची हकीकत ह्यासाठी ऐकण्यासारखी आहे. लसींनी मुलांना इजा होते, अशी त्याच्या आईची पक्की समजूत होती. त्यामुळे गोवर वगैरे रोगांच्या बहुतेक लसी त्याला टोचलेल्या नव्हत्या. ह्या समजुतीचे एक मूळ १९९८ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या, अवघ्या बारा मुलांवर आधारलेल्या एका लेखात आहे. गोवराच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडणारा तो लेख २०१० साली त्या नियतकालिकाने मागे घेतला. पण मागे घेतलेला लेख लोकांच्या मनातून मागे येत नाही. ईथन मोठा होऊ लागला तशी त्याने स्वतः माहिती ताडून पाहिली. अठरा वर्षांचा झाल्यावर, २०१८ च्या नोव्हेंबरात, लस कोठे टोचून घ्यावी असे त्याने इंटरनेटवरच अनोळखी लोकांना विचारले, आणि लसी घेतल्या. ५ मार्च २०१९ रोजी अमेरिकन सेनेटच्या आरोग्य समितीपुढे त्याची साक्ष झाली. आईला माहिती कोठून मिळते, असे विचारता त्याने फेसबुकचे नाव घेतले. आणि तू कोठून मिळवितोस, ह्यावर रोगनियंत्रण केंद्र, जागतिक आरोग्य संघटना अशी नावे घेतली. विशेष म्हणजे आईविषयी तो आदरानेच बोलला. तिचे आपल्यावर प्रेम आहे ह्याविषयी त्याला शंका नव्हती; तिच्या माहितीविषयी होती.

माहिती दोघांनाही त्याच जाळ्यावर मिळाली. आई जे समोर आले ते घेऊन थांबली, मुलगा हे सांगणारा कोण म्हणून विचारत पुढे गेला. तेव्हा 'मुले इंटरनेटवर विश्वास ठेवतात' ही तक्रार करण्यापूर्वी, आपल्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सकाळी सकाळी मधुमेहाचा रामबाण उपाय कोण पाठविते, ह्याचा आपण वडीलधाऱ्यांनी प्रामाणिकपणे विचार करावा.

पण ह्या नाण्याची दुसरी बाजू काळीकुट्ट आहे, ती झाकून चालणार नाही. २०१७ साली लंडनमधील चौदा वर्षांच्या एका मुलीने आपले जीवन संपविले. पाच वर्षांनी, २०२२ च्या सप्टेंबरात, मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निष्कर्ष दिला की तिच्या नैराश्याबरोबरच समाजमाध्यमांवरील मजकुराचाही तिच्या मृत्यूस हातभार लागला. त्यातला काही मजकूर तिने मागितलाही नव्हता. यंत्राने आपण होऊन तिच्यापुढे ठेवला होता. दुःखी मुलीने दुःखाविषयी वाचले, म्हणून यंत्राने आणखी दुःख वाढले. वाढणाऱ्याला ती कोण, तिचे वय काय, तिने जेवले की नाही, हे ठाऊक नव्हते आणि ठाऊक करून घ्यावे असे त्याच्यावर कोणतेही बंधन नव्हते. कर्व्यांच्या मासिकात आणि ह्या यंत्रात जो फरक आहे, तो येथे उघडा पडतो. उत्तर आहे, पण दायित्व नाही.

आता आपल्या घरी परत येऊ. ग्रामीण भारतातील चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांची 'असर' ह्या नावाने प्रसिद्ध असलेली पाहणी २०२३ साली झाली. जवळजवळ शेकडा ९० मुलांच्या घरी स्मार्टफोन होता आणि तो त्यांना वापरताही येत होता. पण वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःच्या मालकीचा फोन किती जणांकडे? मुलग्यांपैकी शेकडा ४३.७, मुलींपैकी १९.८. म्हणजे बहुतेक मुलींच्या हाती येणारा फोन हा भावाचा, बापाचा, घराचा फोन. तिने त्यात काय विचारले हे घराला दिसू शकते. मुलाच्या हाती निदान आडोसा आला. मुलीच्या हाती तोही पुरता आला नाही.

तिची गरज काही लहान नाही. २०१९ ते २०२१ ह्या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी शेकडा ५९.१ जणींना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण ३१.१ होते. कल्पना करा, नववीतली एक मुलगी जिना चढताना दमते, तिचे डोके दुखते, अभ्यासात लक्ष लागत नाही. ती घरातल्या फोनवर, कोणी पाहत नाही असे पाहून, 'सारखा थकवा का येतो' असे विचारते. समोर काय येईल? कदाचित एखाद्या असाध्य रोगाचे वर्णन, कदाचित एखादे महागडे टॉनिक, कदाचित वजन कमी करण्याचा सल्ला. ह्यापैकी एकही गोष्ट तिला नको आहे. तिला हवी आहे ती सरकारी दवाखान्यात होणारी रक्ताची साधी तपासणी, लोहाच्या गोळ्या आणि पोटभर जेवण. आणि तिथपर्यंत तिला हाताला धरून नेणारे कोणी माणूस. चांगल्यात चांगले पानसुद्धा दवाखान्याच्या दारापर्यंतच रस्ता दाखवू शकते. दार ओलांडावयास सोबत लागते.

ही सोबत देण्याचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. २०१४ च्या जानेवारीत केंद्र सरकारने राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. त्यात आहार आहे, मनाचे आरोग्य आहे, व्यसने आहेत, प्रजननाचे आरोग्य आहे. आपल्या राज्यात कुमारांसाठीच्या अशा दवाखान्यांना 'मैत्री' असे सुंदर नाव दिले आहे. मनाच्या त्रासासाठी २०२२ च्या ऑक्टोबरपासून १४४१६ हा दूरध्वनी क्रमांकही चालू आहे. परंतु मी आपल्याला विचारतो, ह्या सभागृहातील किती जणांना आपल्या गावातील 'मैत्री' दवाखाना कोठे आहे हे सांगता येईल? आणि आपल्याला येत नसेल, तर आपल्या नातीला ते कोण सांगणार?

उलट, दार लावून घेण्यात मात्र आपण तत्पर आहोत. २००७ साली शाळांतून कुमारवयीन मुलांना लैंगिक शिक्षण देण्याचा कार्यक्रम आला, तेव्हा आपल्या विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्रात तो थांबविला गेला. त्या पुस्तकांत दोष नव्हतेच, असे मी म्हणत नाही. दोष सुधारता आले असते. पण आपण पुस्तक मिटले. आणि नऊ वर्षांनी इंटरनेट स्वस्त झाले. शाळेच्या तासाला जे मास्तरांसमोर, नीट शब्दांत समजले असते, ते मुलांनी खाटेवर पांघरुणात, कोणाच्या तरी विकृत चित्रफितीतून समजून घेतले. १९३४ साली जी चूक न्यायालयाने केली, ती त्र्याहत्तर वर्षांनी आपण लोकमताने केली.

काही देश आता निराळ्या तऱ्हेने दार लावू पाहत आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरात ऑस्ट्रेलियाच्या संसदेने सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा संमत केला. लंडनच्या मुलीची कहाणी आठवली म्हणजे अशा कायद्यामागील कळकळ समजते. यंत्राच्या मालकांवर दायित्व टाकणे हे तर योग्यच. परंतु केवळ दार लावल्याने प्रश्न मरत नाही, हे इतिहासाचे सांगणे आहे. प्रश्न पाण्यासारखा असतो. एक वाट बुजविली की दुसरी शोधतो, आणि बहुधा ती गटाराची असते.

आणखी एक नवी गोष्ट ह्या इतिहासात येऊन दाखल झाली आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी नावाचे बोलणारे यंत्र जगापुढे आले आणि त्यामागून तशी आणखी आली. आतापर्यंत यंत्र पानांची यादी देत असे. आता ते थेट उत्तर देते, मराठीतही देते, गोड शब्दांत देते आणि कधी रागावत नाही. मध्यरात्री एखाद्या मुलाने लाजत विचारलेला प्रश्न ऐकून ते हसत नाही, ही त्याची केवढी तरी जमेची बाजू आहे. एका अर्थाने 'समाजस्वास्थ्य'चे प्रश्नोत्तरांचे सदर परत आले आहे. पण ते चुकते तेव्हाही त्याच ठाम स्वरात बोलते. आणि चुकल्यावर आरोपीच्या पिंजऱ्यात येऊन उभे राहणारा संपादक त्याच्यापाशी नाही.

म्हणून आजच्या मुलाला शिकवावयाची पहिली गोष्ट म्हणजे माहिती नव्हे. माहितीला आता दुष्काळ राहिलेला नाही. त्याला शिकवावयाचे ते तीन साधे प्रश्न : हे सांगणारा कोण? तो हे सांगून मला काही विकतो आहे काय? आणि हेच दुसरा कोणी जाणता सांगतो काय? ओहायओच्या मुलाने ह्याहून निराळे काही केले नाही. हे तीन प्रश्न बाजारात भाजी घेताना आपण रोज विचारतो. शरीराच्या बाबतीत मात्र विसरतो.

आणि आपल्याला, म्हणजे वडीलधाऱ्यांना, शिकावयाची गोष्ट त्याहून अवघड आहे. मुलाने विचारलेल्या प्रश्नाला पहिल्या क्षणी आपला चेहरा कसा होतो, ह्यावर तो दुसरा प्रश्न आपल्याला विचारील की मोबाइलला, हे ठरते. उत्तर येत नसेल तर 'मला ठाऊक नाही, उद्या आपण डॉक्टरांना विचारू' एवढे म्हणावयास विद्वत्ता लागत नाही. मुलीच्या हाती फोन पाहून 'काय पाहत होतीस?' असे दरडावण्याऐवजी 'काही सापडले का? मलाही दाखव' असे म्हणता येते. डॉक्टरांनीही मुलाला तपासताना चार मिनिटे आईबापांना बाहेर बसवून त्याच्याशी एकट्याने बोलावे. ज्या आडोशासाठी तो मोबाइलकडे जातो, तो त्यांनी त्याला द्यावा. शाळेने वर्गात एक पेटी ठेवावी, मुलांनी नाव न घालता चिठ्ठ्या टाकाव्यात, आणि महिन्यातून एकदा गावातील डॉक्टरीणबाईंनी येऊन त्या सर्वांसमक्ष वाचून उत्तरे द्यावीत. ह्याला सरकारी मंजुरी लागत नाही. खर्च म्हणाल तर एका खोक्याचा.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची परंपरा घातली, ती ह्याच विश्वासाने की मोठ्या माणसांनाही शिकावयाचे बाकी असते आणि ते चारचौघांत बसून शिकण्यात लाज नाही. त्या परंपरेतील श्रोत्यांना मी एवढेच सांगेन. कर्व्यांना प्रश्न विचारणाऱ्या त्या अनामिक तरुणांना कोणी नावे ठेवली असतील. आज त्यांचीच नातवंडे-पतवंडे आपल्या घरात मोबाइल घेऊन बसली आहेत आणि थोड्याफार फरकाने तेच विचारीत आहेत. १९३४ साली उत्तर देणाऱ्याला आपण एकटे सोडले. आता निदान विचारणाऱ्याला तरी एकटे सोडू नये.